सोलापूरच्या उन्हाळ्यात शीट फिल्मची वेळ बसवताना

इल्फर्ड कंपनीच्या तक्त्यात एफपी४ प्लस या कृष्णधवल फिल्मसाठी आयडी-११ डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन), १+३ म्हणजे एक भाग द्रावणात तीन भाग पाणी घालून पातळ केलेला, २० अंश सेल्सिअसला २० मिनिटं अशी डेव्हलपिंगची वेळ दिली आहे. सोलापुरात मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हाताला चटका देतं आणि पहाटेही कोमटच येतं. ४×५ इंचांच्या शीट फिल्मवर, म्हणजे एका चित्राला एक सुटा तुकडा अशा फिल्मवर, काम करायचं ठरवलं तेव्हाच कळलं, वेळ बसवायच्या आधी तापमान बसवावं लागणार.

नवी पेठेत पूर्वी स्टुडिओ चालवणारे एक काका आहेत. त्यांना विचारलं तर म्हणाले, "अगं, विसाचा हट्ट कशाला धरतेस? बर्फ टाकून वीस करशील, पण फिल्म ट्रेमध्ये जाईपर्यंत त्याचे बावीस झालेले असतील. बारा महिने धरून ठेवता येईल असा आकडा धर." हा सल्ला मला आजही सगळ्यात मोलाचा वाटतो. ट्रे उथळ आणि पसरट असतो, खोलीची ऊब पटकन घेतो. त्यात आपले हात सतत पाण्यात. सुरुवातीला २० आणि शेवटी २३ असं झालं, तर कुठल्या वेळेची निगेटिव्ह हातात आली हे सांगताच येत नाही.

मी २४ अंश धरले. थंडीत गरम पाणी मिसळून तिथे पोहोचता येतं आणि उन्हाळ्यात थोडं थंड करून. त्याहून वर जायला मी तयार नव्हते, कारण फिल्मवरचं जिलेटिन फुगून मऊ पडतं आणि नुसतं नख लागलं तरी ओरखडा उठतो. वेळही आखडते. इल्फर्डच्याच हिशोबाने २० अंशांना ४ मिनिटं लागत असतील तर २३ ला ३ पुरतात. डेव्हलपिंग ५ मिनिटांच्या खाली गेलं की आकाशासारख्या सपाट भागात डाग आणि पट्टे दिसायची भीती असते. म्हणूनच १+१ सोडून १+३ घेतलं. डेव्हलपर पातळ, वेळ लांब, आणि ती कमी करायला पुढे जागा शिल्लक. १+३ एकदाच वापरून टाकून द्यायचं. ४ शीटना मी १ लिटर घेते, म्हणजे मूळ द्रावण २५० मिली होतं आणि ते भरपूर आहे.

पाण्याचं उत्तर माठात सापडलं. सोलापूरची हवा उन्हाळ्यात इतकी कोरडी असते की माठ जीव तोडून गार करतो. रात्री भरून ठेवलेल्या माठातलं पाणी मोठ्या परातीत ओतायचं, त्यात ट्रे ठेवायचा, आणि उरलेल्या एक-दोन अंशांसाठी बर्फाची बंद पिशवी परातीतल्या पाण्यात सोडायची. डेव्हलपर मात्र डिस्टिल्ड वॉटरमध्येच. बॅटरीवाल्यांकडे ते सहज मिळतं. आमच्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि ते जड आहे, त्यामुळे शेवटचं खळबळणंही डिस्टिल्डमध्येच करते. फिल्म वाळल्यावर पांढरे ठिपके राहत नाहीत. स्टॉप बाथ (डेव्हलपिंग थांबवणारं द्रावण), हायपो (चित्र पक्कं करणारं), धुण्याचं पाणी सगळं २४ च्या आसपास हवं. गार डेव्हलपरमधून काढून थेट टाकीच्या पाण्यात टाकलं तर जिलेटिनला सुरकुत्या पडू शकतात, मग त्या निगेटिव्हचं काही करता येत नाही. वाहत्या नळाखाली धुण्याची चैन इथे नाही, तर ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा पाणी बदलून धुते.

आता वेळ. २० अंशांची २० मिनिटं २४ ला साधारण १४ होतात. ट्रेमध्ये फिल्म सतत हलत असते, त्यासाठी १५ टक्क्यांपर्यंत आणखी वजा करायला सांगतात. म्हणजे १२ च्या आसपास. हा झाला अंदाज. पण माझा हात, माझा थर्मामीटर, माझ्या लेन्सचं शटर हे कुठल्याच तक्त्यात नसतं. अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या आर्ट सेंटर स्कूलमध्ये झोन सिस्टिम बसवली, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांना ० ते १० असे झोन देण्याची पद्धत, ज्यात मीटर दाखवतो तो करडा झोन ५. ती नेमकी यासाठी उपयोगी पडते. सावलीतला तपशील एक्स्पोजरवर ठरतो, उजळ भाग किती दाट होणार हे डेव्हलपिंगवर. म्हणून आधी फिल्मचा खरा स्पीड (उजेडाला ती किती दाद देते तो आकडा) काढायचा, वेळ त्यानंतर.

स्पीडसाठी एकसारख्या उजेडातली करडी भिंत घेतली, फोकस अनंतावर, आणि मीटर दाखवेल त्यापेक्षा ४ स्टॉप कमी, म्हणजे झोन १ (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). डार्क स्लाइड (होल्डरमधली फिल्म झाकणारी पट्टी) थोडी थोडी आत सारत एकाच शीटवर १२५, १००, ८० आणि ६४ अशा पट्ट्या घेतल्या. शीट फिल्म महाग आहे, एका चाचणीला एक शीट यावर माझा कटाक्ष असतो.

घनता, म्हणजे निगेटिव्ह किती काळी झाली ते, मोजायला डेन्सिटोमीटर लागतो असं सगळीकडे वाचलं होतं. माझ्याकडे तो नाही. स्पॉट मीटरने (छोट्याशा भागाचा उजेड मोजणाऱ्या मीटरने) काम होतं. ट्रेसिंगच्या एलईडी लाइटबॉक्सवर निगेटिव्ह ठेवायची, आधी कोऱ्या कडेतून मोजायचं, मग पट्टीतून. एक स्टॉपचा फरक म्हणजे ०.३ घनता. झोन १ ला ०.१ हवी, म्हणजे तिसरा हिस्सा स्टॉप. मला तो ८० च्या पट्टीवर मिळाला. तेव्हापासून एफपी४ प्लस माझ्यासाठी ८० ची फिल्म आहे, डब्यावर १२५ लिहिलेलं असलं तरी.

वेळेची चाचणी मला मनापासून आवडते. तीच भिंत, पण आता ३ स्टॉप जास्त, म्हणजे झोन ८, पूर्ण शीट एकसारखी. मग मिट्ट अंधारात कात्रीने तिचे चार तुकडे करायचे. एका तुकड्याचे कोपरे तसेच ठेवायचे, दुसऱ्याचा एक कापायचा, तिसऱ्याचे दोन, चौथ्याचे तीन. साध्या पाण्यात भिजवून चारही डेव्हलपरमध्ये. खालचा तुकडा अलगद ओढून वर ठेवायचा, पुन्हा खालचा, असं न थांबता सतत चालू. फोनवर वेळ रेकॉर्ड करून ठेवलेली असते, फोन मात्र बाहेर, दाराला कान. "आठ" ऐकू आलं की बोटांनी कोपरे चाचपायचे, तीन कापलेले कोपरे लागले की तो तुकडा स्टॉप बाथमध्ये. दहाला दोनवाला, बाराला एकवाला, चौदाला पूर्ण कोपऱ्यांचा. ओल्या फिल्मवर कापलेला कोपरा बोटाला इतका स्पष्ट लागतो की दिव्याची आठवणही येत नाही.

लाइटबॉक्सवर मला १.३ घनता हवी होती, म्हणजे कोऱ्या कडेपेक्षा ४ स्टॉप आणि वर तिसरा हिस्सा. दहाचा तुकडा किंचित कमी, बाराचा सरळसरळ जास्त. साडेदहा मिनिटं ठरली. वेळ बदलली की स्पीडही जरासा सरकतो, म्हणून ८० ची पट्टी या वेळेने परत तपासली. टिकली.

आकड्यांवर मी थांबले नाही. गच्चीच्या दोरीवर आपला सोलापुरी पांढरा टॉवेल आणि शेजारी काळी घोंगडी टाकली, दोन्ही एकाच उन्हात. घोंगडीची घडी झोन ३ वर ठेवली. मग कॉन्टॅक्ट प्रिंट, म्हणजे निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून केलेली. निगेटिव्हची कोरी कड उघड्या कागदाइतकी काळी व्हायला कमीत कमी किती सेकंद लागतात ते आधी काढायचं आणि सगळी प्रिंट तेवढ्याच वेळेला करायची. त्या प्रिंटमध्ये टॉवेलच्या धाग्यांचे फासे एकेक सुटे दिसले आणि घोंगडीची वीणही. माझ्या मते हीच खरी परीक्षा. एन्लार्जरने (चित्र मोठं करणाऱ्या यंत्राने), त्यातही भिंगांच्या म्हणजे कंडेन्सरच्या, प्रिंट करणाऱ्याला डेव्हलपिंगची वेळ यापेक्षा कमी लागेल.

रोल फिल्ममध्ये सगळ्या फ्रेमना एकच वेळ द्यावी लागते. शीटमध्ये प्रत्येक चित्राला स्वतःची वेळ देता येते, आणि सोलापूरच्या उन्हात त्याची गरज रोज पडते. भुईकोट किल्ल्याच्या तटाची सावलीतली बाजू आणि मागे सिद्धेश्वर तलावाचं चमकणारं पाणी, हे माझं आवडतं ठिकाण. काळा दगड झोन ३ वर ठेवला तर पाणी ९ वर जातं. अशा शीटला साडेदहा दिली तर पाण्याच्या जागी प्रिंटमध्ये नुसता कागद राहतो. झोन ९ ची वेगळी शीट कापून तपासली तेव्हा ८ मिनिटांना तीच १.३ घनता आली. वेळ कमी केल्याने सावली थोडी दबते, म्हणून अशा चित्राला तिसरा हिस्सा स्टॉप जास्त देते. होल्डरवर चिकटपट्टी लावून त्यावर ८ किंवा १०॥ लिहायचं. १+१ वर राहिले असते तर ही कमी केलेली वेळ पाच मिनिटांच्या अगदी काठावर आली असती.

अलीकडे पाच्छा पेठेतल्या एका यंत्रमागाच्या शेडमध्ये परवानगी मिळाली. आत अंधार, एकाच खिडकीतून ऊन. मीटर १० सेकंद म्हणत होता. एवढ्या लांब एक्स्पोजरला फिल्मची दाद कमी होते, त्यासाठी इल्फर्डचा घातांक एफपी४ प्लसला १.२६ आहे, म्हणजे १० चा १.२६ वा घात, म्हणून १८ सेकंद दिले. लांब एक्स्पोजरने कॉन्ट्रास्टही चढतो, तेव्हा ८ मिनिटांचीच वेळ धरली. खिडकीच्या गजांपलीकडची भिंत निगेटिव्हमध्ये आली आहे आणि मागाखालच्या अंधारात पडलेल्या कांड्याही. फोमापॅन १०० या दुसऱ्या फिल्मला मात्र हे आकडे लावता येत नाहीत. मीटर १० सेकंद म्हणाला तर ती आठपट मागते आणि ट्रेमधली तिची वेळही वेगळी. तिचे तुकडे या आठवड्यात कापायला घेतले आहेत.