ऐकून काढायचं सोनं

ऑस्ट्रेलियातलं बॅलरॅट हे जुन्या सोन्याच्या खाणींचं शहर पाहून झालं, जुनं खाणगाव पुन्हा उभं केलेलं तिथलं सोव्हरिन हिल हे संग्रहालयही पाहून झालं. दोन्हींबद्दल भरपूर लिहिलेलं सापडतं, म्हणून मी त्यात भर घालत नाही. सोव्हरिन हिलच्या ओढ्यात पर्यटकांना मिळावेत म्हणून सोन्याचे कण टाकलेले असतात. मीही परात घेऊन रेती धुतली, दोन बारीक कण निघाले, बरं वाटलं. पण कुणीतरी ठेवलेलं आपण उचललं, यात माझं मन काही भरेना. ‘मग खऱ्या रानात चल,’ दादा म्हणाला. तो मेलबर्नला राहतो, आणि वहिनीच्या मनातही हे कधीपासून होतं.

डनोली हे मेलबर्नच्या वायव्येला, गाडीने अडीच तासांवरचं लहानसं गाव. बॅलरॅट, बेंडिगो आणि पश्चिमेकडची गावं मिळून जो प्रदेश होतो, त्याला तिथे ‘गोल्डन ट्रँगल’ म्हणतात. आम्ही मे महिन्यात गेलो. उन्हाळ्यात इथे वणव्याची भीती, माश्यांचा उच्छाद आणि ब्राऊन स्नेक हा अतिविषारी साप, म्हणून थंडीच्या तोंडाशीच यावं असं सगळ्यांनी बजावलं होतं. मोटेलची खोली गारठलेली होती आणि तिथला हीटर नुसता आवाज करत होता. त्याबद्दल इतकंच.

रानात शिरण्याआधी ‘मायनर्स राइट’ हा परवाना काढावा लागतो. तीस डॉलरच्या आसपास खर्च येतो आणि तो दहा वर्षं चालतो. इतक्या थोड्या पैशांत, इतक्या साधेपणाने सापडलेलं सोनं आपलं होतं, यामागे रक्त सांडलेलं आहे. १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला सोनं सापडो न सापडो, खाणकामगाराला दरमहा ३० शिलिंग भरावे लागत आणि शिपाई दांडगाईने परवाने तपासत. ३ डिसेंबर १८५४ च्या पहाटे बॅलरॅटला युरेका स्टॉकेडवर, म्हणजे बंड केलेल्या खाणकामगारांनी लाकडं रोवून उभारलेल्या कोटावर, सैन्य चालून गेलं, माणसं मेली. पुढच्याच वर्षी मासिक फी गेली आणि वर्षाला एक पौंडाचा हा हक्क आला, सोबत मतदानाचाही. दादाने फोनवर दोन मिनिटांत परवाना काढला तेव्हा मला हे सारखं आठवत होतं.

आमच्याबरोबर एक सत्तरीचे गृहस्थ होते. आयुष्यभर मेंढ्यांची लोकर कातरायचं काम केलेले, आता रान आणि डिटेक्टर, म्हणजे जमिनीतला धातू शोधणारं यंत्र, हेच त्यांचं जग. त्यांनी आधी आमची झडती घेतली म्हणा ना. फोन गाडीत ठेवायचा, लोखंडी टोपी असलेले बूट चालणार नाहीत, खोदणाऱ्या हातात अंगठी नको. वहिनीने बांगड्या काढून दादाच्या हातात दिल्या. मग एकच सूचना त्यांनी तीनदा दिली: डिटेक्टर फिरवताना उलट्या पावली कधी सरकायचं नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या विहिरीसारख्या खाणी झुडपांत उघड्या पडल्या आहेत, काहींच्या तोंडावर नुसता पालापाचोळा साठलेला असतो.

या रानात आयर्नबार्क आणि बॉक्स जातीचे निलगिरीचे वृक्ष आहेत. काळ्या भेगाळलेल्या साली, खाली तांबडी माती आणि त्यात पसरलेली पांढरी गारगोटी. सोनं मुळात या गारगोटीच्या शिरांमधलं. लाखो वर्षं ऊनपावसाने डोंगर झिजले, माती वाहून गेली आणि पाण्याच्या एकोणीसपट जड असलेलं सोनं फार लांब न जाता तिथेच बसलं. म्हणून तर मोलियागलजवळ १८६९ साली जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स यांना ‘वेलकम स्ट्रेंजर’ हा सोन्याचा गोळा सापडला तो झाडाच्या मुळांपाशी, जमिनीखाली जेमतेम दीड इंचावर. डनोलीच्या काट्यावर तो मावेना, तेव्हा ऐरणीवर ठेवून त्याचे तुकडे केले. शुद्ध सोनं सत्तर किलोच्या वर निघालं. जगातला सगळ्यात मोठा गोळा, आणि त्याचा धड एक फोटोसुद्धा नाही! मला याची खरीखुरी हळहळ वाटते.

डिटेक्टर हातात घेतला की पहिल्यांदा कळतं ते हे, की डोळ्यांचं काम संपलं. हेडफोनमध्ये एक बारीक, अखंड गुणगुण चालू असते. दांड्याच्या टोकाची कॉइल, म्हणजे तारेच्या वेटोळ्याची चकती, जमिनीत चुंबकीय लहर सोडते आणि लगेच गप्प होते. त्या गप्प राहण्याच्या क्षणात जमिनीतल्या धातूमध्ये उठलेला प्रवाह विरत जातो आणि यंत्र तेवढंच ऐकतं. इथल्या मातीत लोहाचं प्रमाण इतकं, की साधं यंत्र जागोजाग ओरडत सुटतं. अ‍ॅडलेडच्या मिनलॅब कंपनीने नव्वदच्या दशकात या मातीला तोंड देणारी यंत्रं काढली आणि जुने लोक ‘संपलं’ म्हणून सोडून गेलेल्या जागा पुन्हा बोलू लागल्या.

सकाळभर माझ्या वाट्याला शिसंच आलं. बंदुकीचे छर्रे, एक चपटी झालेली गोळी, मग बुटांचे खिळे, बाटलीचं झाकण. छर्रा आणि सोन्याचा खडा एकसारखेच वाजतात, म्हणून प्रत्येक आवाज खोदायचा. यातून सुटका नाही आणि असू नये असंच मला वाटतं, कारण कान तयार होतो तो याच छर्ऱ्यांवर.

दुपार कलल्यावर एका उताराशी ती गुणगुण किंचित लचकली. आवाज असं त्याला म्हणता येणार नाही. कॉइल परत नेली, पुन्हा तिथेच लचकली. आडवी फिरवली होती ती उभी फिरवली, तरी तिथेच. मी हात वर केला. गृहस्थ आले, हेडफोन कानाला लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, ‘पायाने वरची माती सरकव.’ वरच्या पाल्यातला कचरा असेल तर आवाज जागा सोडतो. याने सोडली नाही. उलट जरा ठळक झाला, आधी चढायचा आणि मग उतरायचा. लहान तुकडा बहुधा असाच वाजतो, ते म्हणाले. मोठा किंवा खोल असेल तर पुष्कळदा उलटं.

मग कुदळ. वर बोटभर भुसभुशीत माती आणि खाली चिकणमाती, वाळून दगड झालेली. खड्डा अरुंद खणला तर वस्तूवरच घाव बसतो, म्हणून रुंद घ्यायचा. कुदळीला लावलेल्या चुंबकाला काहीच चिकटलं नाही. म्हणजे खिळा नव्हे! आता माझी छाती धडधडायला लागली होती. वीतभर खाली गेल्यावर खड्डा एकदम मुका झाला आणि बाजूचा ढिगारा वाजायला लागला. ढिगाऱ्यातली माती प्लॅस्टिकच्या चमच्यात घेतली, कॉइलवरून नेली, वाजली. अर्धी टाकली, उरलेली वाजली. पुन्हा अर्धी टाकली, आता मात्र गप्प. टाकलेली उचलली, ती वाजली. शेवटी चिमूटभर माती तळहातावरून कॉइलवर सोडत गेले आणि एक कण ‘टक्’ करून पडला.

मातीने माखलेला होता. थुंकी लावून अंगठ्याने पुसला आणि पिवळा रंग दिसला. तो रंग दिसल्यावर काहीच विचारावं लागत नाही. तरी मी विचारलं, ‘हेच का?’ त्यांनी मान हलवली आणि टोपी काढली. एवढ्या वर्षांत शेकडो खडे काढलेला माणूस दुसऱ्याच्या खड्यासाठी टोपी काढतो! भरल्या डोळ्यांनी मी वहिनीला हाक मारली.

०.४ ग्रॅम. जुन्या मापात तीन गुंजांहून थोडं जास्त. एका कोपऱ्याला गारगोटीचा पांढरा कण चिकटलेला. हा खडा आधी कोणाच्याच हातात आलेला नव्हता, कुणी खरेदी केला नव्हता की कुणी ओढ्यात टाकला नव्हता. १८५० च्या दशकातल्या कुण्या खाणकामगाराची कुदळ याच्यापासून हातभर अंतरावरून गेली असणार.

वहिनी आली ती घामाघूम होऊन, हातात फावडं. तिने तासापूर्वीच डिटेक्टर दादाला देऊन टाकला होता. झालं असं, की झाडीपलीकडे तिला एका पट्ट्यात उघडे खड्डे दिसले, ओळीने, कुणीतरी नुकतेच खणून तसेच सोडलेले. शेजारी खणून काढलेले डब्यांचे पत्रे फेकलेले. खणलेला खड्डा बुजवणं इथे बंधनकारक आहे, परवान्यासोबत ते स्पष्ट सांगतात. ही जमीन इथल्या मूळ रहिवासी जा जा वुरुंग लोकांची. सोन्याच्या लाटेने तिची जी अवस्था झाली तिला ते उलटीपालटी झालेली भूमी म्हणतात, आणि कुठेही नजर टाकली तरी त्याचा अर्थ दिसतो: मूळची माती खाली, खालचे दगड वर, ओढ्यांचे काठ ओरबाडलेले. अशा जमिनीवर आज हौसेला येऊन कुणी खड्डे सोडून जातं, याचा मला संताप आला आणि लिहितानाही येतो आहे. कांगारूचा पाय त्यात मोडू शकतो. वहिनीने भांडण करायला माणूस शोधला नाही, खड्डे भरायला घेतले. उरलेले मग आम्ही तिघांनी भरले. गृहस्थ प्रत्येक खड्ड्यावर पाला पसरून पुढे जात होते.

दुसऱ्या दिवशी मोलियागलचा स्मारकस्तंभ पाहिला, डनोलीचं संग्रहालय पाहिलं, जेवण चांगलं मिळालं.

परतल्यापासून जो तो विचारतो, ‘कितीचं निघालं?’ डिटेक्टरच्या एका दिवसाच्या भाड्याचाही त्यातून हिशेब बसत नाही आणि मी तो बसवणारही नाही. खडा वितळवून काही घडवावं अशी सूचना आईने केली, तिला नाही म्हटलं. गारगोटीचा कण त्याला तसाच राहू दे. पुढच्या वेळी मला किंगॉवरच्या बाजूला जायचं आहे, जिथे १९८० साली केव्हिन हिलियर यांच्या डिटेक्टरने २७ किलोचा ‘हँड ऑफ फेथ’ ऐकला. ऑगस्टच्या शेवटी वॉटल हा बाभळीच्या जातीचा वृक्ष फुलतो आणि पावसाने चिकणमाती मऊ असते, म्हणून तेव्हा. वहिनीने स्वतःसाठी लहान दांड्याचं फावडं घेऊन ठेवलंय. ‘डिटेक्टर तुमचा तुम्ही फिरवा,’ म्हणते.