कोण कोण होतं?

काकांना फोन करून मी काही सांगायला लागले की "काका, सुप्रीम कोर्ट असं असं म्हणालं", की पलीकडून पहिला प्रश्न ठरलेला, "कोण कोण होतं?" निकाल काय लागला ते नंतर. काकांनी चाळीस वर्षं जिल्हा कोर्टात वकिली केली, आता डोळ्यांमुळे घरीच असतात पण सवय काही सुटली नाही, निकालाच्या पहिल्या पानावर जजांची नावं असतात ना, कोरम, ते आधी वाचायचं आणि मग बाकीचं पुराण. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांच्या शेजारी पेन्सिलीने जजांच्या रिटायरमेंटच्या तारखा लिहिलेल्या असतात. काकू म्हणते, माझा वाढदिवस मात्र एकदाही लिहिला नाही.

मला आधी हे वकिली खूळ वाटायचं. कायदा पुस्तकात आहे, समोर कोण बसलंय त्याने असा काय फरक पडणार?

पडतो, बराच पडतो. समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चंच बघा. दिल्ली हायकोर्टाने २००९ मध्ये सांगितलं की दोन सज्ञान माणसांनी आपसात संमतीने काय करायचं हा गुन्हा होऊ शकत नाही. ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, दोन जजांपुढे, सुनावणी संपली २०१२ च्या मार्चमध्ये आणि निकाल आला ११ डिसेंबर २०१३ ला, म्हणजे न्या. सिंघवींच्या शेवटच्या दिवशी! हायकोर्टाचा निकाल रद्द, आणि वर असंही लिहिलं की समलिंगी लोक म्हणजे लोकसंख्येचा अगदी नगण्य हिस्सा. बरं, ह्यानंतर चार महिनेच झाले, एप्रिल २०१४, इमारत तीच आणि घटना तीच, फक्त दोन जज दुसरे, आणि त्यांनी नालसाच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या) केसमध्ये तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख स्वतः ठरवायचा हक्क देऊन टाकला. मग २०१८ मध्ये पाच जजांनी एकमताने २०१३ चा निकाल मोडीत काढला. मधल्या काळात संसदेने त्या कलमाला हातही लावला नव्हता हां.

आपल्याकडची गंमत अशी की सुप्रीम कोर्टात मंजूर पदं ३४, पण ते सगळे कधी एकत्र बसत नाहीत. दोन-दोन, तीन-तीन जणांची खंडपीठं, फार मोठा घटनेचा प्रश्न असला तर पाच किंवा जास्त. कुठलं मॅटर कुणाच्या बोर्डावर लागणार ते सरन्यायाधीश ठरवणार, आणि ६५ वर्षं झाली की घरी. माझी मावसबहीण अमेरिकेत न्यू जर्सीला असते, तिकडच्या सुप्रीम कोर्टात उलटं, नऊच जज, सगळे एकत्र बसतात आणि तहहयात. म्हणून तिथे एकेका जजच्या तब्येतीच्या बातम्या होतात. सप्टेंबर २०२० मध्ये गिन्सबर्ग बाई गेल्या, त्यांच्या जागी उलट मताच्या बॅरेट आल्या आणि जून २०२२ मध्ये गर्भपाताचा जवळपास पन्नास वर्षांचा घटनात्मक हक्क गेला. आपल्याकडे आजारपणाची वाट बघावी लागत नाही, कॅलेंडर पुरतं.

ह्या सगळ्यात मला केरळातल्या शबरीमला मंदिराचं प्रकरण फार बोलकं वाटतं. २८ सप्टेंबर २०१८, पाच जज, निकाल चार विरुद्ध एक, १० ते ५० वयाच्या बायकांना मंदिरात जाऊ द्या. सरन्यायाधीश दीपक मिश्रा चार दिवसांनी रिटायर. मग फेरविचाराचे अर्ज आले, पीठ तेच, फक्त मिश्रांच्या जागी नवे सरन्यायाधीश गोगोई. आता माझं गणित असं होतं की एक माणूस बदलला तरी फार तर तीन विरुद्ध दोन होईल आणि निकाल टिकेल. तीन विरुद्ध दोन झालंच, पण उलटं! १४ नोव्हेंबर २०१९ ला गोगोई, खानविलकर आणि इंदू मल्होत्रा ह्या तिघांनी सांगितलं की मोठ्या पीठाकडे प्रश्न पाठवू, तोवर फेरविचार तसाच राहू दे. खानविलकर २०१८ मध्ये दुसऱ्या बाजूला होते, स्वतंत्र निकाल त्यांनी ना तेव्हा लिहिला ना आता, त्यामुळे मन का बदललं ते आपण फक्त तर्क करत बसायचं. आणि गोगोई? तीन दिवसांनी रिटायर. हेच गोगोई २०१८ च्या जानेवारीत आणखी तीन जजांबरोबर प्रेस कॉन्फरन्स घेऊन बसले होते, केसेस कुणाकडे दिल्या जातात ह्याचीच तक्रार करत.

आणि हो, २०१८ ला बायकांच्या प्रवेशाला विरोध करणारं एकमेव मत त्या पीठातल्या एकमेव बाईंचं, मल्होत्रांचंच होतं. त्यामुळे "बायका जज झाल्या की बायकांचे हक्क सुरक्षित" हे मी आता बोलत नाही. बायका जास्त यायलाच हव्यात, पण त्या कारणासाठी नाही.

काकांचं हे नावं वाचण्याचं वेड आलं कुठून तर घरातूनच. आणीबाणीत माझे आजोबा मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबून ठेवणाऱ्या कायद्याखाली, येरवड्याच्या तुरुंगात होते. हायकोर्टांत लोकांना दाद मिळत होती, देशातल्या नऊ हायकोर्टांनी म्हटलं होतं की स्थानबद्ध माणूस कोर्टात येऊ शकतो, त्यामुळे आजी आशेवर होती. २८ एप्रिल १९७६ ला सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एकने तेही दार लावून घेतलं. एकटे न्या. खन्ना विरोधात. पुढच्या जानेवारीत सरन्यायाधीशपदाचा त्यांचा नंबर होता, त्यांना डावलून बेग ह्यांना केलं, खन्नांनी राजीनामा दिला. त्याआधी १९७३ मध्येही केशवानंद भारतीचा, म्हणजे संसदेला घटनेचा मूळ गाभा बदलता येणार नाही हा, निकाल सात विरुद्ध सहाने लागला आणि दुसऱ्याच दिवशी तीन सीनियर जजांना बाजूला सारून सरन्यायाधीशपदासाठी अजितनाथ रे ह्यांचं नाव पुढे आलं होतं. हे रे त्या चारांत होतेच, आणि त्या चारांत एक आपल्या पुण्याचे, यशवंतराव चंद्रचूड. काकांना ते फार लागलं होतं, परक्याचं एवढं लागत नाही.

ऑगस्ट २०१७ मध्ये प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे असा सुप्रीम कोर्टाचा निकाल आला तेव्हा काकांना अजून बऱ्यापैकी दिसायचं. मला म्हणाले प्रिंट काढून आण. पाचशेच्या वर पानं आहेत काका, झेरॉक्सवाला वेडा होईल. मग म्हणाले पहिलं पान आण आणि तो १९७६ चा निकाल चुकीचा होता असं जिथे लिहिलंय तेवढीच पानं आण. एक्केचाळीस वर्षांनी रद्द झाला तो. काकांनी दोनदा वाचलं, काही बोलले नाहीत, कपाटातून आजोबांची फाईल काढली आणि मिसाच्या ऑर्डरमागे ते कागद लावून ठेवले. पहिल्या पानावर नऊ नावं आहेत. त्यातल्या धनंजय चंद्रचूड ह्या नावाखाली पेन्सिलीची रेघ आहे आणि शेजारी काकांच्या अक्षरात एकच शब्द, "मुलगा".