लिस्बनमध्ये कॅमेरा घेऊन फिरताना: २८ नंबरची ट्रॅम सोडा, बोट पकडा

लिस्बनला फोटो काढायला जायचं म्हटलं की जो तो २८ नंबरच्या पिवळ्या ट्रॅमचं नाव घेतो. ट्रॅम छानच आहे, १९३० च्या दशकातले डबे, आत लाकूडकाम, वळणावर चाकं किंचाळतात, सगळं खरं, पण सकाळी दहाला मार्तिम मोनिझच्या स्टॉपवर जाऊन बघा, रांगेत सगळे आपल्यासारखेच गळ्यात कॅमेरा अडकवलेले, आणि आत लिस्बनचं माणूस शोधावं लागतं. मला रोजचं शहर हवं होतं. कामाला निघालेली, पिशव्या घेऊन चढ चढणारी, काउंटरला टेकून दोन घोटात कॉफी संपवणारी माणसं. ती कुठे आणि कशी सापडली ते लिहिते. ट्रिप ऑक्टोबर २०२५ ची, सोबत नवरा, ज्याला फोटोग्राफीत शून्य रस आणि पास्तेल द नातात (कस्टर्ड भरलेले छोटे टार्ट) भरपूर, हे कॉम्बिनेशन फार सोयीचं पडतं, त्याला बेकरीत बसवलं की आपण तासभर मोकळे.

आधी उजेडाचं सांगते कारण लिस्बनमध्ये निम्मं काम तोच करतो. ऑक्टोबरच्या मध्यावर सूर्य पावणेआठच्या सुमाराला उगवतो, त्यामुळे पहाटे चारचा गजर वगैरे भानगड नाही, आरामात उठून, कॉफी पिऊनसुद्धा पहिलं ऊन मिळतं. फुटपाथ पांढऱ्या चुनखडीच्या छोट्या तुकड्यांचे, मध्ये काळी नक्षी, ऊन त्यांच्यावर पडून वर उडतं आणि सावलीतल्या माणसाचा चेहराही खालून उजळतो. पण त्याच पांढऱ्यामुळे कडक उन्हात आकाश आणि भिंती फोटोत पांढऱ्याफटक होऊन पार उडून जातात, म्हणून एक्सपोजर (फोटो किती उजळ येईल ती सेटिंग) मायनस ०.७ वर ठेवा, कधी मायनस १, सावल्या काळ्या होऊ देत, चांगल्याच दिसतात. बायशा भागात उंच इमारती आणि सरळ रस्ते आहेत, १७५५ च्या भूकंपात जुनं सगळं गेल्यावर तेव्हाचा मंत्री मार्केझ द पोंबालच्या काळात चौकटी आखून बांधलेला भाग, त्यामुळे तिथे उन्हाचे पट्टे अगदी पट्टीने आखल्यासारखे पडतात. रुआ दा कॉन्सेसांवच्या कोपऱ्यावर उभं राहायचं, पट्टा निवडायचा आणि कोणी त्यात पाऊल टाकायची वाट बघायची. माणसाच्या मागे धावू नका, शहरात इतके चढ आहेत की धावून फक्त दम लागतो.

आता बोट. काइश दु सोद्रे स्टेशनला लागूनच धक्का आहे, तिथून तेजो नदीपलीकडे कासिल्हासला बोट जाते, साधारण दहा मिनिटं, भाडं दीड युरोच्या आसपास. पलीकडे घरं स्वस्त, नोकऱ्या अलीकडे, म्हणजे आपल्या लोकलसारखंच, सकाळी सगळी गर्दी कासिल्हासहून लिस्बनकडे. म्हणून तुम्ही उलटं करा, आठच्या आधी लिस्बनहून जवळजवळ रिकाम्या बोटीने पलीकडे जा आणि भरलेल्या बोटीने परत या. जाताना खिडक्यांचे, रिकाम्या सीटांचे, एकट्या माणसाचे फोटो, येताना डुलक्या, मेकअप, मोबाइल, शाळेची दप्तरं. आणि एकदा तरी स्वतः न चढता काइश दु सोद्रेच्या दाराबाहेर उभ्या राहा. बोट लागली की माणसांचा लोंढा बाहेर येतो, नदी दक्षिणेला आणि सकाळचं ऊन आग्नेयेकडून, त्यामुळे सगळे पाठीवर ऊन घेऊन आपल्या दिशेने येतात, लांब सावल्या पुढे. दर बोटीला नवा लोंढा, म्हणजे एकच फ्रेम पुन्हा पुन्हा करून बघायला मिळते, असं दुसरीकडे कुठे मिळत नाही. त्या गर्दीत माझ्याकडे कोणी ढुंकूनही बघितलं नाही, प्रत्येकाला ऑफिस गाठायचं होतं. माझे या ट्रिपमधले सगळ्यात आवडते फोटो या धक्क्यावरचे आहेत, अल्फामा या जुन्या, टूरिस्टांच्या आवडत्या भागातले नाहीत.

संध्याकाळी त्याच नदीकाठी प्रासा दु कोमेर्सिओला या, पाण्यात दोन खांब उभे असलेला काइश दाश कोलुनाश नावाचा घाट आहे, लोक पायऱ्यांवर बसतात, सूर्य उजवीकडे पुलाच्या बाजूला उतरतो. सिल्हूट पाहिजे तर इथे. टूरिस्ट असतात पण पाठमोरे काळे झाल्यावर कोण टूरिस्ट आणि कोण लोकल काय कळतंय.

कॅमेऱ्याचं थोडक्यात: एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरची) बॉडी आणि २३ मिमीची एकच लेन्स, फुल फ्रेमच्या ३५ मिमीसारखी दिसते. एफ ८, शटर १/५००, आयएसओ ऑटो, फोकस मॅन्युअल करून अडीच मीटरवर ठेवला की साधारण दीड ते दहा मीटरमधलं सगळं शार्प येतं, ऑटोफोकसची वाट बघायला नको. संध्याकाळी एफ २.८ आणि ऑटोफोकस. मोठी झूम घरी ठेवा, अरुंद गल्लीत ती लोकांच्या डोळ्यावर येते आणि खांदा दुखतो तो वेगळाच. बूट मात्र चांगल्या ग्रिपचे, ते गुळगुळीत दगड पावसात साबणासारखे होतात आणि ऑक्टोबरात सरी येतात. सर आली की हॉटेलवर पळू नका हं, ओल्या दगडांवर दिव्यांची प्रतिबिंबं फुकट मिळतात.

ट्रॅमचा फोटो हवाच असेल, आणि असतोच, मलाही होता, तर आत बसू नका, बाहेर उभ्या राहा. रुआ दाश एश्कोलाश जेराइशला रस्ता इतका चिंचोळा आहे की एकेरी रूळ आणि सिग्नल आहे, ट्रॅम आली की लोक भिंतीला चिकटतात, तो क्षण घ्यायचा. बसायचंच असेल तर कामोईशच्या चौकातून कांपोलीदला जाणारी २४ नंबर घ्या, तसलेच जुने डबे, गर्दी कमी, आणि प्रवासी बाजाररहाट करून येणारे. २८ मध्ये पाकीटमार खरोखर असतात, बॅग पुढे घ्या. तिकीट ड्रायव्हरकडे घेतलं तर तीन युरोच्या वर जातं, मेट्रो स्टेशनवर अर्ध्या युरोचं नावेगांत कार्ड घेऊन त्यात पैसे भरले की ट्रॅम, मेट्रो, बोट सगळं त्यावरच. चढावर दोराने ओढल्या जाणाऱ्या फनिक्युलर गाड्यांचं म्हणाल तर सप्टेंबर २०२५ मध्ये त्यातल्या ग्लोरिया नावाच्या गाडीचा भीषण अपघात झाला, सोळा माणसं गेली, त्यानंतर बाकीच्याही तपासणीसाठी थांबवल्या, आम्हाला बिकाची गाडी बंदच दिसली. जाण्याआधी चौकशी करा. बायशा-शियादू मेट्रोचे सरकते जिने वापरा, खालच्या दाराने आत आणि वरच्या दाराने बाहेर, एक अख्खा चढ वाचतो.

अल्फामात सकाळी नऊच्या आधी जा, नंतर टुकटुक सुरू होतात. मंगळवार किंवा शनिवार असेल तर तिथूनच वर कांपु द सांता क्लाराला फेइरा दा लाद्रा हा जुना बाजार भरतो, चादरीवर नळाच्या तोट्या, कोणाच्यातरी लग्नाचे फोटो, एकेकटे बूट. विक्रेत्यांना फुकट्या फोटोवाल्यांचा कंटाळा आलाय, एक दोन युरोची वस्तू घ्या, गप्पा मारा, मग विचारा. अल्फामात काही आज्या दाराशी टेबल मांडून जिंजा विकतात, चेरीची दारू, छोटा ग्लास. तिथेही तेच. "पॉसु तिरार ऊमा फुतुग्राफीया?" एवढं पाठ करा, आज्या उच्चारावर हसतात आणि तो हसरा फोटो चांगला येतो. आपल्याकडे तुळशीबागेत कॅमेरा काढला की चार जण स्वतःहून समोर येऊन उभे राहतात, इथे तसं होत नाही, इथे लोक नजर चुकवतात. नकार आला की विषय संपला, आणि हे नुसतं सभ्यतेचं नाही, पोर्तुगालच्या दंडसंहितेत कलम १९९ खाली माणसाच्या इच्छेविरुद्ध त्याचा फोटो काढणं गुन्हा आहे. सार्वजनिक जागेच्या दृश्यात माणूस सहज आलाय त्याला दिवाणी कायद्याच्या कलम ७९ मध्ये सूट आहे, पण एकट्याचा क्लोजअप आणि तो हात हलवून नको म्हणतोय, तर कॅमेरा खाली. लहान मुलांचे चेहरे मी घेतच नाही.

मार्तिम मोनिझच्या मागे रुआ दु बेनफोर्मोझू आहे, बांगलादेशी, नेपाळी, भारतीय दुकानं, सलून, मोबाइल रिपेअर, मसाल्यांचा वास. आपण हिंदी बोलतो म्हणून घरच्यासारखं वाटतं आणि हात आपोआप कॅमेऱ्याकडे जातो, पण जरा थांबा. १९ डिसेंबर २०२४ ला पोलिसांनी याच रस्त्यावर अनेक लोकांना भिंतीकडे तोंड करून रांगेत उभं केलं, ते फोटो देशभर फिरले, मोठा वाद झाला. इथला माणूस कॅमेऱ्याला बिचकतो तर कारण आहे. मी चहा घेतला, बसले, बोलले, फोटो फक्त एका सलूनवाल्याने स्वतःहून काढ म्हटलं तेव्हा काढला. शेजारीच मोरारिया भागात बेकु दाश फारिन्याश या बोळात कॅमिला वॉटसन या ब्रिटिश फोटोग्राफरने तिथल्याच रहिवाशांचे पोर्ट्रेट थेट घरांच्या भिंतींवर छापलेत. माणसं त्याच बोळातली, फोटोही त्याच बोळात, ते नक्की बघा.

वेळ असेल तर उत्तरेकडच्या पोर्तो शहराला जा, ट्रेनने तीनेक तास, तिकीट आधी काढलं तर बरंच स्वस्त. साओ बेंतू स्टेशनच्या निळ्या टाइल्सपुढे सगळेच फोटो काढतात, मी म्हणेन त्यापेक्षा बोल्याव मार्केट, २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन उघडलंय, सकाळी मासेवाल्या बायका आणि त्यांची गिऱ्हाइकं, आपल्याकडच्या मासळीबाजाराची सवय असेल तर तिथे अजिबात बुजायला होत नाही.

बाकी कागदपत्रं: शेंगेन व्हिसाची फी मोठ्यांना ९० युरो, सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा, अपॉइंटमेंट उन्हाळ्याच्या सुट्टीत मिळणं कठीण म्हणून लवकर बघा. ऑक्टोबर २०२५ पासून एअरपोर्टवर शिक्क्याऐवजी फोटो आणि बोटांचे ठसे घ्यायला टप्प्याटप्प्याने सुरुवात झाली, रांगा लांबतात, तेव्हा पुढची ट्रेन किंवा फ्लाइट चिकटून बुक करू नका. दोन जादा बॅटऱ्या हँडबॅगेत, चेक-इनमध्ये टाकायच्या नाहीत. आणि रोसियू चौकाच्या आसपास कोणी कानाशी येऊन "हशीश" म्हणालं तर घाबरू नका, बऱ्याचदा तो नुसता वाळलेला पाला असतो, मान हलवा आणि पुढे चला.