लोन काढून प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत बीटेक करताना – माझा अनुभव

बारावीचा निकाल लागला की आमच्या सांगोल्याकडच्या ओळखीपाळखीतल्या पोरांचे नाहीतर त्यांच्या आईवडिलांचे मला फोन यायला लागतात, की ताई तू प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत आहेस ना, कसं असतं तिकडे, घेऊ का ॲडमिशन, लोन मिळतं का. प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा सगळं सविस्तर लिहून टाकते. मी पुण्याजवळच्या एका युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटरच्या थर्ड इयरला आहे. नाव लिहीत नाही, कारण मैत्रिणींशी बोलल्यावर कळलं की थोड्याफार फरकाने सगळीकडे असंच चालतं.

माझी ॲडमिशन २०२३ ची. सीईटीला नव्वदच्या आसपास पर्सेंटाइल होते, म्हणजे पुण्यातल्या बऱ्या कॉलेजात कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) कॉम्प्युटर मिळणं अवघडच होतं, आणि मला दुसरी ब्रँच नको होती. युनिव्हर्सिटीने सीईटीचा स्कोअर बघून थेट सीट दिली आणि ट्युशन फीमध्ये २५ टक्के स्कॉलरशिप देतो म्हणाले. फी होती वर्षाला २ लाख ४० हजार, सूट धरून १ लाख ८० हजार. होस्टेल-मेस वेगळं. पप्पांची डाळिंबाची बाग आहे, आई अंगणवाडी सेविका. बागेचं उत्पन्न कसं असतं ते आमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको, एक वर्ष तेल्या रोग आला की संपलं. त्यामुळे लोनशिवाय पर्याय नव्हता.

इथे एक गोष्ट आधी सांगते कारण यावरूनच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. पुण्यातलं खाजगी कॉलेज आणि खाजगी विद्यापीठ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खाजगी इंजिनिअरिंग कॉलेज हे बहुतेक वेळा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असतं, तिथली ॲडमिशन कॅपमधून होते, फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि महाडीबीटीवरून (सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलवरून) राजर्षी शाहू महाराज स्कॉलरशिप वगैरे लागू होते. खाजगी विद्यापीठ मात्र विधिमंडळात स्वतंत्र कायदा करून स्थापन झालेलं असतं, डिग्री ते स्वतःच देतं. ८ जुलै २०२४ ला जीआर आला की ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना प्रोफेशनल कोर्सची ट्युशन आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ. त्या दिवशी आमच्या गावातल्या ग्रुपवर नुसता जल्लोष चालू होता. माझी अकरावी-बारावीची मैत्रीण संलग्न कॉलेजात कॅपमधून सेकंड इयरला होती, तिलाही लागू झालं. मी जीआर उघडून वाचला तर त्यात स्पष्ट लिहिलेलं, खाजगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं (म्हणजे आमच्यासारखी) वगळून. रात्रभर झोप लागली नाही खरं सांगते. तिच्याबद्दल मला आनंदच होता, पण घरची परिस्थिती आमची दोघींची सारखी, उत्पन्नाचा दाखला एकाच सेतू केंद्रातून काढलेला, आणि नियमाची रेघ मधून गेली. मुलींना शिकवायचं म्हणून योजना आणली तर आमच्यासारख्या मुलींचाही विचार व्हायला हवा असं मला मनापासून वाटतं, आम्ही काही श्रीमंत म्हणून इकडे आलेलो नाही.

आता लोनचं. तेव्हा सरकारच्या विद्या लक्ष्मी पोर्टलवर एकच फॉर्म भरायचा होता आणि तो तीन बँकांना पाठवता यायचा. पण फॉर्म ऑनलाइन असला तरी काम शाखेतच होतं. आम्ही आमच्या गावाजवळच्या राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत गेलो, जिथे पप्पांचं पीककर्जाचं खातं आहे. तिथल्या साहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला, तारण काय देताय. पप्पा म्हणाले तीन एकर आहे. तर शेतजमीन चालत नाही म्हणाले, कारण सरफेसी कायद्यात (थकीत कर्जवसुलीच्या) बँकेला शेतजमिनीवर कारवाई करता येत नाही, एनए (बिगरशेती) प्लॉट किंवा शहरातलं घर असेल तर बोला. आमचं घर गावठाणात, कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना ८. पप्पा काही न बोलता पिशवीत कागद भरायला लागले.

तेव्हा माझ्या मामांनी मदत केली, ते पतसंस्थेत नोकरीला आहेत. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेने तारण मागायचंच नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे आणि साडेसात लाखांपर्यंत सरकारची क्रेडिट गॅरंटी योजना (तारणाऐवजी सरकारची हमी) २०१५ पासून आहे, हे त्यांना माहीत होतं. ते आमच्याबरोबर आले आणि अतिशय नम्रपणे म्हणाले, साहेब होत नसेल तर काही हरकत नाही, फक्त का होत नाही ते लेखी द्या. कारण अर्ज नाकारायचा असेल तर वरच्या अधिकाऱ्याची संमती घेऊन, कारण सांगून नाकारायचा असं बँकांच्या मॉडेल योजनेतच आहे. त्यानंतर फाइल पुढे सरकली. भांडण नाही, आरडाओरडा नाही, फक्त लेखी मागितलं. हे वाक्य पाठ करून ठेवा.

मग कागदपत्रं. पप्पा-आई दोघांचं पॅन, आधार, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, माझी दहावी-बारावीची मार्कशीट, सीईटी स्कोअर कार्ड, ॲडमिशन लेटर, बोनाफाइड, आणि चारही वर्षांचं फी स्ट्रक्चर लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी. युनिव्हर्सिटीने आधी फक्त फर्स्ट इयरचं दिलं होतं, बँकेला चारही वर्षांचं लागतं. बँकेतल्या मॅडमच्या यादीत एआयसीटीई (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) अप्रूव्हलचा रकाना होता आणि युनिव्हर्सिटी म्हणे आम्हाला ते लागत नाही. पप्पांना वाटलं झालं, आपण फसलो. मी रजिस्ट्रार ऑफिसला मेल केला, तर त्यांनी पत्र दिलं की विद्यापीठाला स्वतःच्या विभागात टेक्निकल कोर्स चालवायला एआयसीटीईची पूर्वपरवानगी बंधनकारक नाही, सुप्रीम कोर्टाचा २००१ चा निकाल आहे, आणि सोबत यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) यादीत आमचं नाव असलेलं पान जोडलं. मॅडमनी ते पत्र शांतपणे पूर्ण वाचलं, फाइलला लावलं आणि त्या रकान्यात पेनाने लिहिलं, सोबत पत्र पाहा. त्या मॅडमचं मला आजही कौतुक वाटतं, दुसऱ्या कुणी फाइल परत केली असती.

नॅकचं (संस्थेचा दर्जा तपासून मान्यता देणारी यंत्रणा) सर्टिफिकेट पण मागितलं होतं, आणि ते फार महत्त्वाचं आहे. ज्यांचं घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत आहे त्यांना केंद्र सरकारची व्याज सवलत मिळते, म्हणजे शिक्षण चालू असताना आणि पुढचं एक वर्ष व्याज सरकार भरतं, पण त्यासाठी संस्थेला नॅक किंवा त्या कोर्सला एनबीए मान्यता लागते. नॅकला अर्ज करायला दोन बॅच बाहेर पडलेल्या किंवा सहा वर्षं झालेली असावी लागतात, त्यामुळे अगदी नवीन युनिव्हर्सिटी असेल तर ही सवलत जाते. आमच्याकडे नॅक होतं म्हणून वाचलो. तरी क्लेम शाखेनेच पोर्टलवर टाकायचा असतो, तो टाकला का हे दरवर्षी स्वतः जाऊन विचारावं लागतं.

लोन मंजूर झालं ६ लाख ८४ हजार. हिशोब असा, १ लाख ८० हजार गुणिले चार, त्यातून पाच टक्के मार्जिन, म्हणजे स्वतः भरायचा हिस्सा, आमचं. म्हणजे बँकेने सूट धरून फी लावली, चारही वर्षं सूट राहणार असं समजून. युनिव्हर्सिटीच्या पत्रात मात्र खाली बारीक अक्षरात होतं की पुढच्या वर्षी सूट हवी असेल तर आधीच्या वर्षाचा सीजीपीए (दहापैकी सरासरी ग्रेड) ८ पाहिजे आणि बॅकलॉग नको. फर्स्ट इयरला मला ८.२ होते, सूट राहिली. सेकंड इयरला डेटा स्ट्रक्चर आणि एम-थ्री (गणित) दोन्ही जड गेले, ७.७६ झाले. आणि थर्ड इयरची डिमांड आली पूर्ण २ लाख ४० हजारांची. बँक देणार १ लाख ७१ हजार. मधले ६९ हजार कुठून आणायचे?

लोन वाढवून मागितलं. साडेसात लाखांपर्यंत गॅरंटी योजनेत बसतं, म्हणजे ६६ हजार वाढू शकत होते, पण शाखेच्या हातात नव्हतं, फाइल रिजनल ऑफिसला गेली. ऑगस्ट गेला, दिवाळी गेली. इकडे ईआरपीमध्ये (युनिव्हर्सिटीच्या ऑनलाइन सिस्टीममध्ये) रोज लेट फी चढत होती आणि लॉगिन केलं की लाल अक्षरात ड्यूज दिसायचे. नोव्हेंबरमध्ये सेमिस्टरची परीक्षा, आणि हॉल तिकीट ब्लॉक. स्टुडंट सेक्शनच्या खिडकीसमोर आम्ही बरेच जण उभे होतो, आणि लाइनमध्ये उभं राहिल्यावर कळलं की माझ्या वर्गातली जी मुलगी एवढी हसतखेळत असते तिचंही लोनच आहे, आणि मागचा बिहारचा मुलगा तर दोन दिवस जेवलाही नीट नव्हता टेन्शनमुळे. कुणी कुणाला सांगत नाही. खिडकीतले दादा म्हणाले सिस्टीम उघडत नाही, माझ्या हातात काही नाही. आणि खरंच त्यांच्या हातात नव्हतं.

मग आमच्या मेंटर मॅडमनी रस्ता दाखवला. डीनच्या नावाने अर्ज, सोबत बँकेचं मूळ मंजुरीपत्र, वाढीव रकमेसाठी फाइल पाठवल्याचं शाखेचं पत्र, आणि पालकांच्या सहीचं हमीपत्र. पप्पांनी सही करून फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला, मूळ कागद सांगोल्याहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे दिला, मी स्वारगेटला जाऊन घेतला. प्रोव्हिजनल हॉल तिकीट मिळालं पेपरच्या आदल्या संध्याकाळी. पैसे नंतर जमा झाले, लेट फी अर्धी माफ झाली, तीही लेखी अर्ज केला म्हणून. पण ही सोय आहे असं आधी कुठेच लिहिलेलं नव्हतं, ना वेबसाइटवर ना नोटीस बोर्डवर. मॅडम नसत्या तर माझं सेमिस्टर गेलं असतं. एवढी फी घेणाऱ्या संस्थेने लोनवाल्या मुलांसाठी एक साधी नोटीस लावली तर काय बिघडतं, हे मी डीन सरांच्या समोर पण बोलले होते.

आता शिक्षणाबद्दल, कारण सगळे हेच विचारतात. शिक्षण चांगलं आहे. माझ्या संलग्न कॉलेजातल्या मैत्रिणीला ३० मार्कांची इन-सेम आणि ७० ची एंड-सेम, पेपर बाहेरचं कुणीतरी तपासणार. आमच्याकडे जे शिकवतात तेच पेपर काढतात आणि तेच तपासतात. त्याचे फायदे आहेत, सिलॅबस लवकर बदलतो, पेपर तपासून झाला की हातात देतात आणि कुठे मार्क गेले ते दाखवतात, मला एम-थ्रीच्या सरांनी असंच बसवून माझी लाप्लासची स्टेप कुठे चुकत होती ते सांगितलं, त्यानंतर ती कधी चुकली नाही. पण चांगले शिक्षक असतील तरच याचा फायदा, आणि दर वर्षी दोन-तीन जण सोडून जातात. मधल्या सेमिस्टरला शिक्षक बदलले की मार्कांची पद्धत पण बदलते. शिवाय ग्रेडिंग रिलेटिव्ह आहे, म्हणजे वर्गात बाकीचे किती हुशार यावर तुमचा ग्रेड, आणि आठच्या सीजीपीएवर माझी साठ हजारांची सूट अवलंबून, हे डोक्यात ठेवून पेपर लिहायचा.

अभ्यास सतत चालू असतो, क्विझ, असाइनमेंट, मिनी प्रोजेक्ट, प्रेझेंटेशन, ७५ टक्के हजेरी. शेवटच्या महिन्यात वाचून पास होऊ असं इथे चालत नाही. वर्गात निम्मे जण बाहेरच्या राज्यातले, त्यामुळे हिंदी-इंग्लिश. पहिले काही महिने मी प्रेझेंटेशनला मराठीत विचार करून इंग्लिशमध्ये बोलायचे, घाम फुटायचा. आता बोलते व्यवस्थित. होस्टेल मी सेकंड इयरला सोडलं, चौघी मिळून बाहेर रूम घेतली, स्वयंपाक आलटून पालटून, महिन्याचा खर्च बराच खाली आला.

सध्या पाचव्या सेमला ८.३ आहेत. सहाव्यालाही आठच्या वर राहिले तर फोर्थ इयरला सूट परत लागते, मी ते रजिस्ट्रार ऑफिसकडून मेलवर लिहून घेतलंय. नाही राहिले तर ६९ हजार, आणि लोनची मर्यादा आता संपली. त्यासाठी पप्पांनी यंदाच्या बहराचे काही पैसे बाजूला ठेवलेत, आणि मी उन्हाळ्यात स्टायपेंडवाली इंटर्नशिप शोधतेय.

परवा मामांच्या शेजारच्या काकूंचा फोन आला, मुलाला सीट मिळतेय, उद्यापर्यंत पन्नास हजार भरा म्हणताहेत. मी म्हटलं काकू, भरायच्या आधी तीन गोष्टी त्यांच्याकडून मेलवर मागा, चार वर्षांचं फी स्ट्रक्चर, स्कॉलरशिपच्या अटी, आणि ॲडमिशन रद्द केली तर पैसे परत कधी आणि किती. आमच्या वर्षी यूजीसीने ३० सप्टेंबर २०२३ पर्यंत रद्द केलं तर पूर्ण फी परत द्यायला सांगितलं होतं, यंदाची तारीख काय ते यूजीसीच्या साइटवर बघा. आणि कॅपचा फॉर्म सोडू नका, तो भरूनच ठेवा. त्यांनी मेल केलाय, उत्तराची वाट बघताहेत.