जाळीत न मावणारं ताट

शनिवार, रात्र

डिशवॉशरची गळती सापडली. दोन आठवडे रोज सकाळी सिंकशेजारच्या फरशीवर तळहाताएवढं पाणी दिसायचं. दाराचं रबर बदललं, पाण्याची नळी बदलली, तरी पाणी यायचंच. आज मशीन ओट्याखालून ओढून आडवं घातलं आणि खालून टॉर्च मारला. मोटारीचा दांडा जिथे टबात शिरतो, तिथलं सील वाळून गेलं होतं. हिवाळ्यात आम्ही तीन महिने सांगलीला होतो, तेवढे दिवस मशीन बंद. जुनी डिशवॉशर बंद ठेवली की बिघडतात, आणि वर्षभर हे मलाच सगळ्यांना सांगायचं असतं. म्हणून तर तळघरातली चाकांवरची दोन मशीनं मी दर पंधरवड्याला चालवते. गणपतीत तीस माणसं जेवून गेली की तिन्ही एकदम लागतात, तो आवाज मला फार आवडतो.

नवीन सील बसवून झालं. दांड्यावर गंज होता, तो आधी घासून काढायला दोन तास गेले.

हे स्वयंपाकघरातलं मशीन किचनएडचं, १९७० च्या दशकातलं. किचनएड तेव्हा होबार्ट कंपनीचं होतं, आणि होबार्टचं गाव ट्रॉय अमेरिकेत ओहायोमधल्या आमच्या डेटनपासून गाडीने अर्ध्या तासावर. एका आजींच्या घरातलं सामान विकायला काढलं होतं, तिथून चाळीस डॉलरला आणलं. सोबतची पुस्तिका त्यांनी ड्रॉवरमध्ये जपून ठेवली होती. टब आतून एनॅमलचा, कुठेही टवका उडालेला नाही. मोटार एकट्याने उचलवत नाही. भांडी वाळवायला आत पंखा आहे, तो गरम हवा फिरवतो, त्यामुळे स्टीलवर पाण्याचे डाग राहत नाहीत. आजच्या महागड्या मशीनमधून काढलेले डबेसुद्धा मला फडक्याने पुसावे लागतात.

पाणी मात्र हे जास्त पितं, एका वेळेला चाळीस-पन्नास लिटर. २०१३ पासून इथे नव्या मशीनला साधारण १९ लिटरची मर्यादा आहे. ते मनाला लागतं, म्हणून पूर्ण भरल्याशिवाय मी कळ दाबत नाही.

पावडरचंही तसंच. १ जुलै २०१० पासून ओहायोसकट १६ राज्यांत डिशवॉशरच्या पावडरमधलं फॉस्फेट जवळजवळ बंद झालं, कारण ते तळ्यांत जातं आणि शेवाळ माजतं. जुनी मशीनं त्याच पावडरवर बेतलेली. जुनी मशीनं बाळगणारे काही जण फॉस्फेट वेगळं आणून घालतात. मी घालत नाही. ईरी सरोवराच्या राज्यात राहून ते करावंसं वाटत नाही. पाणी चांगलं कडकडीत ठेवलं आणि हात राखून भांडी लावली तर निघतात स्वच्छ.

रविवार, दुपार

आता मशीनमधल्या भांडी लावायच्या जाळीचं काम. आई आल्यापासून रोज ताटात जेवतो, आणि ताट या जाळीत नीट बसत नाही. जाळीचे दात सपाट अमेरिकी प्लेटसाठी लावलेले. आपल्या ताटाला उभा काठ, त्यामुळे एक दात सोडून ताट लावावं लागतं. एका ओळीत बारांच्या जागी सहा. वाट्यांचं तर विचारू नका. पालथ्या घातल्या तर कलंडतात, उताण्या पडल्या की गढूळ पाणी साठतं.

सारखी जोसेफिन कॉक्रेन आठवत होती. इलिनॉयमधल्या शेल्बीव्हिलची बाई. नोकरांच्या हातून चिनीमातीच्या बश्यांचे टवके उडायचे म्हणून हिने भांडी धुणारं यंत्र करायचं ठरवलं. नवरा १८८३ मध्ये गेला, मागे कर्ज ठेवून. घरामागच्या शेडमध्ये एका मेकॅनिकला हाताशी धरून तिने ते उभं केलं, २८ डिसेंबर १८८६ ला पेटंट मिळालं. १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात तिची यंत्रं भांडी धूत होती. पुढे १९२६ मध्ये तिची कंपनी होबार्टने घेतली, म्हणजे माझ्या ओट्याखालचं मशीन तिच्याच घराण्यातलं. तिच्या कामातली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. तिने आधी आपल्या घरातल्या बश्या, कप, ताटल्या मोजल्या आणि त्या मापाने तारेचे कप्पे वळले. पाण्याचा मारा नंतर.

मीही मोजली. ताटाचा काठ, वाटीचं तोंड, पेल्याचा घेर. मूळ जाळीला हात लावायचा नव्हता, ती तशीच राहायला हवी. भंगारात गेलेल्या मशीनची एक जाळी तळघरात होती. तिचे एकाआड एक दात कापले, उरलेले थोडे कलते केले, कापलेल्या टोकांना गंज चढू नये म्हणून व्हिनाइलचा लेप दिला. वाट्यांसाठी कडेला दोन तारा तिरक्या बांधल्या. आई शेजारी बसून एकेक वाटी लावून बघत होती.

"ही अजून हलतेय गं," म्हणाली. तार आणखी वाकवली.

रविवार, रात्र

लेप दुपारभर सुकू दिला. जेवणं झाल्यावर आईने सवयीने नळ सोडला.

"विसळून देऊ का?"

"नको आई, फक्त खरकटं काढ. तळाच्या गाळणीतलं मी नंतर काढते."

दहा ताटं, अठरा वाट्या, पेले. प्रेशर कुकर वगळला, ॲल्युमिनियम यात काळं पडतं. पितळेचा तांब्याही नाही. दार लावून खटका ओढला, टायमर फिरवला. आधी पाणी भरल्याचा सूं आवाज, मग मोटार, मग खालचा फिरता दांडा ताटांवर पाणी मारायला लागला. एकाच लयीत, मोरीत कुणी घाईने भांडी घासावीत तसं. कुठे खडखड नाही, म्हणजे वाटी सुटली नव्हती. आई म्हणाली, "पाऊस लागल्यासारखं वाटतं," आणि तिथेच खुर्ची ओढून बसली.

तासाभराने पंखा थांबला. ताटं हाताला गरम लागत होती. मामाने लग्नात दिलेल्या ताटांवरची नावं आणि तारीख लख्ख वाचता येत होती, कोरलेल्या ठिपक्यांतसुद्धा हळद राहिली नव्हती. एका वाटीच्या बुडाशी भाताचं शीत चिकटलेलं, कोपऱ्यातल्या. तिथे तार अजून बोटभर तिरकी हवी.

मशीनखाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं होतं. ओढून पाहिलं, कोरडं होतं. पुन्हा तिथेच सरकवलं, सकाळी बघायचं.