शेजारची सीट रिकामी असताना

कोल्हापुरात गाडी काढली की शेजारी कोणीतरी असतंच. गगनबावड्याच्या धुक्यात आतून काच पुसणारं, दाजीपूरच्या रस्त्यावर गवा दिसला की ओरडणारं, फोन वाजला तर उचलणारं. परदेशात एकट्यानं भाड्याची गाडी घेतली की ती सीट रिकामी. तिथं बसलेला माणूस जी कामं करतो, ती सगळी गाडी जागेवर उभी असतानाच उरकायची, एवढंच मला सांगायचं आहे.

सुरुवात आपल्या आरटीओपासून होते. एमएच-०९ चं लायसन्स कितीही जुनं असलं तरी बऱ्याच देशांत त्याच्या जोडीला इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं. त्यासाठी फॉर्म ४ए, फी १,००० रुपये, अर्ज सारथी पोर्टलवर. पासपोर्टची प्रत तयार ठेवा. परमिट जास्तीत जास्त एक वर्ष चालतं, आणि वर्ष मोजायचं ते परमिट निघाल्या तारखेपासून. म्हणून सहा महिने आधी काढून ठेवण्यात अर्थ नाही. मूळ लायसन्सही सोबत हवंच. नुसतं परमिट दाखवून गाडी मिळत नाही.

पहिल्यांदाच जाणार असाल तर डाव्या बाजूनं गाडी चालवणारा देश निवडा: न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, आयर्लंड, जपान, मलेशिया. तरी एक फरक हाताला जाणवतोच. युरोपीय बनावटीच्या बऱ्याच गाड्यांत इंडिकेटरची दांडी डावीकडे आणि वायपरची उजवीकडे असते. वळताना वायपर फिरला तर घाबरू नका, पण मागच्या गाडीला आपण वळणार हे कळलेलं नसतं, ते लक्षात ठेवा.

उजव्या बाजूच्या देशात (युरोपचा मुख्य भूभाग, अमेरिका, दुबई) गाडी ऑटोमॅटिकच घ्या. उजव्या हातानं गिअर टाकणं शिकायची ती वेळ नव्हे. तिथं बहुतेकांची गाडी उजवीकडे सरकत जाते, कारण इतकी वर्षं आपण स्वतः लेनच्या उजव्या अर्ध्यात बसत आलोय. शरीर तीच जागा धरतं, आणि गाडीचा उरलेला भाग उजवीकडच्या कठड्याला किंवा उभ्या गाड्यांच्या आरशांना लागतो. उपाय साधा आहे. देश कुठलाही असो, रस्त्याची मधली रेघ ड्रायव्हरच्या बाजूलाच असली पाहिजे. उजव्या बाजूच्या देशात डावीकडचं वळण मोठं, उजवीकडचं छोटं. गोल चौकात गाड्या घड्याळाच्या उलट्या दिशेनं फिरतात आणि साधारणपणे आत असलेल्या, म्हणजे डावीकडून येणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं. आपल्याकडं दाभोळकर कॉर्नरला जो घुसेल त्याचा रस्ता; तिथं तसं केलं तर समोरचा ब्रेक मारेलच, अशी खात्री धरू नका.

चुकीच्या बाजूला जाण्याची चूक गर्दीत होत नाही, कारण पुढची गाडी वाट दाखवत असते. चूक होते पेट्रोल पंपातून रिकाम्या रस्त्यावर बाहेर पडताना, फोटोला थांबून परत निघताना, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, आदल्या दिवशीचा आत्मविश्वास अंगात असताना. स्टीअरिंगजवळ बाण काढलेली चिठ्ठी चिकटवा. शेजारी कोणी असतं तर ओरडलं असतं. ते काम ही चिठ्ठी करते.

गाडी ताब्यात घेताना काउंटरवरच्या माणसाला घाई असली तरी आपण घाई करायची नाही. अनामत रक्कम बहुधा चालवणाऱ्याच्याच नावाच्या क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात. डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड बऱ्याच ठिकाणी चालत नाही. विम्यात ‘एक्सेस’ म्हणजे नुकसान झाल्यावर आपल्या खिशातून जाणारी रक्कम, तो आकडा विचारा. मग काय वगळलंय ते विचारा. टायर, काच, छप्पर आणि गाडीचा खालचा भाग अनेकदा वगळलेला असतो. आइसलँडमध्ये वाऱ्यानं दार उलटं फिरून बिजागरी वाकते, आणि तो खर्च सहसा विम्यात नसतो. म्हणून तिथं गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करायची आणि दार दोन्ही हातांनी धरून उघडायचं.

मग गाडीभोवती एक सलग व्हिडिओ. चारही चाकांच्या रिम, काचेचे टवके, बंपरच्या खालच्या कडा, शेवटी किलोमीटर आणि इंधनाचा काटा. डिकी उघडून स्टेपनी आहे का बघा. अनेक गाड्यांत फक्त पंक्चरचं द्रावण आणि छोटा पंप असतो, आणि टायरची बाजू फाटली तर त्याचा काही उपयोग नाही. हेडलाइट, वायपर, काचेवरचं धुकं घालवायचं बटण (एसी चालू ठेवून हवा काचेवर सोडली की धुकं लवकर जातं) आणि हँडब्रेक पार्किंगमध्येच वापरून बघा. इंधनाच्या काट्याशेजारचा छोटा बाण टाकी कुठल्या बाजूला आहे ते सांगतो. नळीच्या रंगावर विसंबू नका: युरोपात हिरवी नळी बहुधा पेट्रोलची, अमेरिकेत बऱ्याच पंपांवर डिझेलची. झाकणावर लिहिलेलं वाचा. चुकीचं इंधन पडलंच तर इंजिन सुरू करायचं नाही, किल्लीसुद्धा फिरवायची नाही. कंपनीला फोन करायचा.

नकाशा ऑफलाइन उतरवून फोन स्टँडला लावा. पत्ता बदलायचा तर गाडी थांबवून. ब्रिटन-अमेरिकेत वेगाच्या पाट्या मैलांत असतात. ३० ची पाटी म्हणजे ताशी ४८ किलोमीटर.

न्यूझीलंडमध्ये एका गाडीपुरते पूल बरेच लागतात. पाटीवर आपल्या दिशेचा बाण लहान आणि लाल असेल तर थांबायचं. पांढरा मोठा असेल तर जायचं, तेही समोर बघून. ऑस्ट्रेलियात कांगारू पहाटे आणि संध्याकाळी रस्त्यावर येतात, आपल्या गव्यासारखेच. शहराबाहेर असाल तर अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचा.

झोप हा एकट्या माणसाचा सर्वात मोठा धोका. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर गाडी दुसऱ्या दिवशी घ्या. एका दिवसाचं भाडंही वाचतं. दर दोन तासांनी पंधरा मिनिटं उतरा. जांभया येऊ लागल्यावर काच खाली करून किंवा गाणी लावून झोप जात नाही. सुरक्षित जागी थांबून वीस मिनिटं डोळे मिटा.

मोठ्या हायवेवर गाडी बंद पडली तर कडेला घ्या, हॅझर्ड लावा, चमकणारं जॅकेट घाला आणि रहदारीच्या विरुद्ध बाजूनं उतरून कठड्यापलीकडे जा. एकटे असलात की गाडीत बसून राहावंसं वाटतं. नेमकी तीच जागा धोक्याची. आणीबाणीचे नंबर: युरोपात ११२, न्यूझीलंडमध्ये १११, ऑस्ट्रेलियात ०००, अमेरिकेत ९११. अपघात झाला तर पोलिसांचा अहवाल मागा, फोटो काढा, आणि न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करू नका.

घरी एकाच माणसाला गाडीचा नंबर, आजचा रस्ता आणि मुक्काम कळवून ठेवा. पोचल्याचा मेसेज किती वाजेपर्यंत आला नाही तर फोन करायचा, ती वेळ भारतीय घड्याळात सांगा. न्यूझीलंडमध्ये तिथल्या उन्हाळ्यात संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा कोल्हापुरात सकाळचे साडेदहा झालेले असतात, आणि आईला हा हिशोब करायला लावू नये.