गोळी चालू, पण आकडा हलेना

माझ्या थायरॉईडच्या आजाराचा पत्ता लागला तो टाचेवरून. पहिली तक्रार मात्र आवाजाची होती.

मी शिकवतो. दिवसातले चार-पाच तास बोलण्यात जातात. काही महिन्यांपासून आवाज घोगरा झाला होता, फोनवर जो तो विचारायचा, "सर्दी झालीय का?" घशाच्या डॉक्टरांनी स्वरयंत्र पाहिलं, थोडी सूज आहे म्हणाले, बोलणं कमी करा म्हणाले. बोलणं कमी करून पोट कसं भरायचं, ते काही सांगितलं नाही.

बाकीच्या गोष्टी मी तक्रारी म्हणून धरल्याच नव्हत्या. घरात सगळ्यांना उकडत असताना मी पांघरूण शोधायचो. जेवण कमी करूनही वजन सहा किलोंनी वाढलं. पोट धड साफ होत नव्हतं. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागायचा. बायको एकदा म्हणाली, "तू हल्ली प्रत्येक गोष्टीला 'बघू' म्हणतोस." मी त्यालाही 'बघू'च म्हटलं असणार. शेहेचाळिशी आली, आता असंच व्हायचं, असं मनाशी ठरवून टाकलं होतं.

मग एका तपासणीत कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं आणि तो कागद घेऊन नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कागदापेक्षा माझ्या सुजलेल्या चेहऱ्याकडेच जास्त पाहिलं. मला खुर्चीवर गुडघे टेकायला लावले, पावलं मागे लोंबती ठेवून. टाचेच्या वरच्या जाड शिरेवर रबरी हातोडीने हलकेच मारलं. पाऊल झटक्यात उडालं, पण परत जागेवर यायला त्याने भलताच वेळ घेतला. डॉक्टरांनी पुन्हा मारलं आणि मला मान वळवून बघायला सांगितलं. माझंच पाऊल, पण आळस दिल्यासारखं सावकाश खाली येत होतं.

"थायरॉईड तपासू या," ते म्हणाले.

"तो बायकांचा आजार ना?"

"बायकांमध्ये कितीतरी जास्त. पण ती ग्रंथी तुमच्याही गळ्यात आहेच की."

टीएसएच आला ६२. कागदावर मर्यादा छापली होती साधारण ०.४ ते ४. आकडा एवढा वर, म्हणजे थायरॉईड जास्त झालं, असंच मला वाटलं. उलटं असतं. टीएसएच हा मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा हुकूम. थायरॉईड काम करेनाशी झाली की पिट्युटरी आवाज चढवते. वर्ग ढिम्म बसला की माझा आवाज चढतो, तसंच. खरं थायरॉईडचं संप्रेरक, टी-४, माझ्या रक्तात जेमतेम होतं. अँटी-टीपीओ, म्हणजे थायरॉईडविरुद्धच्या, अँटीबॉडी मात्र भरपूर. शरीराची संरक्षण यंत्रणाच ग्रंथीवर उठली होती. हाशिमोतो या जपानी डॉक्टरने १९१२ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, म्हणून त्याचंच नाव. कोलेस्टेरॉलची गोळी डॉक्टरांनी तूर्त दिलीच नाही. ते थायरॉईडमुळेही वाढतं, आधी हे जागेवर येऊ द्या, म्हणाले. पुढे ते खरंच उतरलं.

थायरॉक्सिनची, म्हणजे याच टी-४ची, गोळी ५० मायक्रोग्रॅमपासून सुरू झाली. सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि मग अर्धा ते एक तास काही नाही, चहासुद्धा नाही. मला वाटलं, आठवड्यात तरतरी येईल. कसली येतेय! हे औषध शरीरात सावकाश साठतं. घेतलेल्यातलं निम्मं संपायलाच सुमारे सात दिवस लागतात, म्हणून रक्तातली पातळी स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात. मी तिसऱ्याच आठवड्यात परस्पर तपासणी करून घेतली आणि ४१ आकडा बघून दोन रात्री उगाच तळमळलो. डॉक्टरांनी त्या कागदाकडे पाहिलंही नाही.

मग सुरू झाली सहा-सहा आठवड्यांची पायरी. ५० मायक्रोग्रॅमवर टीएसएच ३४. ७५ वर २५. १०० वर २१. १२५ केला, तरी १९. मी वैतागलो. एकही दिवस गोळी चुकलेली नव्हती. डॉक्टरही चक्रावले, कारण किलोमागे सुमारे १.६ मायक्रोग्रॅम असा पूर्ण डोसचा ढोबळ हिशेब असतो आणि माझं वजन होतं ६८, म्हणजे ११०च्या आसपास पुरायला हवं होतं.

"उठल्यापासून काय काय करता, एकेक सांगा," ते म्हणाले.

सांगितलं. दात घासतो, गोळी घेतो, पाणी पितो. मग छातीत जळजळतं, म्हणून एक ॲसिडिटीची गोळी चघळतो.

"थांबा. कधीपासून?"

कधीपासून म्हणजे, वर्षानुवर्षं. ते औषध आहे हे माझ्या डोक्यातच नव्हतं. 'दुसरी कोणती औषधं चालू आहेत?' या प्रश्नाला मी पहिल्याच दिवशी बाणेदारपणे 'कुठलीही नाही' म्हणालो होतो. त्या गोळीत कॅल्शियम होतं. कॅल्शियम पोटात थायरॉक्सिनला धरून ठेवतं, रक्तात जाऊ देत नाही. लोहाच्या गोळ्यांचंही तेच. या गोळ्या आणि थायरॉक्सिन यांत चार तासांचं अंतर हवं. म्हणजे सकाळी मी औषध घेत होतो आणि पाच मिनिटांत स्वतःच ते अडवत होतो.

अंतर ठेवलं, डोस तोच राहिला, आणि सहा आठवड्यांनी टीएसएच ०.०९! आता दुसरंच टोक. छातीत धडधड, पहाटे तीनला टक्क जाग, फळ्यावर लिहिताना हात थरथरायचा. सरळ रेघ काढता येईना, मुलं एकमेकांकडे बघायची. डोस १०० वर आणला. पुढचा आकडा २.४.

आकडा जागेवर आला त्या दिवशी मी मात्र जागेवर नव्हतो. रिपोर्ट नॉर्मल आणि माणूस दमलेला, हे घरच्यांना कसं सांगायचं? त्या दोन-तीन महिन्यांत 'आता काय झालंय तुला?' हा प्रश्न आजारापेक्षा जड गेला. पोट आधी सुधारलं, मग थंडी गेली, आवाज सगळ्यात शेवटी. वाढलेल्या सहा किलोंपैकी अडीच उतरले. उरलेले बहुधा माझे स्वतःचेच होते.

"नॉर्मल आलाय ना, मग बंद कर की गोळी," असं सांगणारे भेटतातच. तो नॉर्मल गोळीमुळेच आलाय, हे समजावायचा मला आता कंटाळा येतो.

केस अजून गळतात. एका सहकाऱ्याने बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुचवल्या. या वेळी आणण्याआधी डॉक्टरांना विचारलं. त्या घेतल्या तर थायरॉईडच्या तपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात, तपासणीआधी निदान दोन दिवस बंद ठेवा, म्हणाले. मी आणल्याच नाहीत.